बेपोने काढलेला कप्तान

"आणि माझा दीर कुठंय यात?" मी विचारलं.

बेपो चिताऱ्याने हातातला ब्रशही खाली ठेवला नाही. "कातीना, लुका गेला. नवसाच्या चित्रात वाचलेली माणसं असतात."

आमच्या लोशिन बेटावर समुद्रातून जिवंत परतलेला खलाशी देवमातेच्या चर्चला चित्र वाहतो. वर ढगात देवमाता, खाली भलंमोठं जहाज, त्यावर मुंगीएवढी माणसं. बेपोने मात्र उत्तर ध्रुवाकडून परतलेला कप्तानच जहाजाएवढा रंगवून ठेवला होता. बर्फात अडकल्यावर जो हा नवस बोलला, तो माझा नवरा तोने मागे कुठेतरी एक ठिपका. मला असा संताप आला म्हणून सांगू.

"लुका तिकडे बर्फातच राहिला, त्याला थडगं नाही," मी म्हणाले. "सासूबाईंनी मेणबत्ती लावायची कुठं?"

"कप्तानाचं नाव पार व्हिएन्नापर्यंत गाजतंय. लोक त्याला बघायला येतील. तुझ्या दिराला बघायला कोण येणार?"

तोने माझ्यामागे दाराशी टोपी हातात फिरवत उभा होता. परत आल्यापासून त्याचं असंच चाललं होतं. बंदरावर लोक वाइन पाजून त्याच्याकडून कप्तानाच्या गोष्टी ऐकत, आणि हाही रंगवून रंगवून सांगे. घरी मात्र आईने "शेवटी लुकाजवळ कोण होतं रे?" असं विचारलं, की टोपी उचलून बाहेर. एका जागी बसणं म्हणून नाही.

बेपोला एकदम सुचलं. "असं करू. लुका कप्तानाच्या मांडीवर प्राण सोडतोय. काय चित्र होईल, बघ."

"कप्तान तंबूत झोपला होता," तोने म्हणाला. "लुका माझ्या मांडीवर गेला. उजाडेपर्यंत मी त्याला खाली ठेवलं नाही."

मी बघतच राहिले. बायको असून मला हे ठाऊक नव्हतं.

"मग तसंच काढ की," मी बेपोला म्हणाले.

"काढतो. माझं काय जातंय? पण मग ते टांगतील दाराआडच्या कोपऱ्यात. कप्तानाच्या मांडीवर असला, तर लुकाला जग बघेल. तोने, तूच ठरव, बाबा."

तोने येरझाऱ्या घालू लागला. खिडकीशी गेला, परत आला. "कप्तान काढ," एवढंच म्हणाला आणि निघाला. घरापर्यंत मी त्याच्याशी भांडत गेले.

चित्र लागलं त्या रविवारी चर्चमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. त्रिएस्तेहून बोट भरून माणसं आली होती. सासूबाई गर्दीतून पुढे घुसल्या. लुकाला त्यांनी लगेच ओळखलं, त्याच्या गालावरून बोटं फिरवली. मग कप्तानाच्या रंगवलेल्या हातावर ओठ टेकले.

"तोने, अरे, आधी सांगायचं नाही का?" त्या म्हणाल्या. किती दिवसांनी त्यांचा चेहरा मोकळा झाला होता. "माझं पोर एकटं नव्हतं. एवढा मोठा माणूस त्याला धरून बसला होता. देव त्याचं भलं करो."

मी तोंड उघडलं. तोनेने माझं मनगट घट्ट धरलं.

"हो, आई," तो म्हणाला. त्याने टोपी काढली आणि आईशेजारी, कप्तानासमोर, गुडघे टेकले.