पदावर मोजलेला गॅस

किती गॅस उरलाय ते पाहायला गिदोन सरांनी छोट्या शेगडीचा डबा पातेल्यातल्या पाण्यात सोडला. भरलेला असता तर चांगला खोल बुडाला असता. हा बापडा नुसता वर वर डुलत राहिला. तिसरी संध्याकाळ होती. रतनगडापासूनची चाल उद्या दुपारी पाचनईत संपायची होती, आणि या अभयारण्यात काटकी पेटवायलाही मनाई.

संगमनेरहून तिघंच निघाले होते: सर, त्यांची लेक प्रार्थना आणि शाळेतले जुने सोबती गोरक्षनाथ. आधीच्या दोन खेपांना सर पाहुण्यासारखे नुसते चालले. यंदा त्यांनी हट्टानं रांधायचं काम मागून घेतलं. प्रार्थनानं घरीच बजावलं होतं, "पप्पा, एवढं नीट जमलं तरच पुढच्या खेपेला नेईन."

तयारी त्यांनी मनापासून केली होती. चर्चमध्ये कीर्तन करणाऱ्या माणसाला घड्याळापेक्षा पदाचा भरवसा जास्त. हरवलेल्या मेंढराचं स्वतः रचलेलं पद दोनदा म्हटलं की खिचडीला उकळी. मग गॅस बंद, पातेलं शालीत गुंडाळायचं, बाकीची आतल्या वाफेवर शिजते. अंगणात चारदा करून पाहिलेलं.

पण अंगणात ते एकटे गात होते. इथं पहिल्याच संध्याकाळी गोरक्षनाथांनी टाळी धरली, प्रार्थना ध्रुपदाला मिळाली, आणि पदातला मेंढपाळ कड्यावरून हाका मारायला लागला तसे सर रंगात आले. एकेक कडवं चारचारदा आळवलं. खाली खिचडी कधीची उकळून गॅस भसाभस जळत होता. दुसऱ्या दिवशीही तेच.

"काय झालं, पप्पा?"

"वारा फार होता ना काल," सर पुटपुटले.

"व्हय, वाऱ्यानंच खाल्ला," गोरक्षनाथ म्हणाले. दुपारी ओढ्यात घसरून ते कमरेपर्यंत भिजले होते. कपडे बदलूनही दातांवर दात आपटत होते. तशातही सोबत्याची बाजू घेत होते. सरांना ते सोसवेना.

"वारा नव्हे. मीच खाल्ला, गाण्याच्या भरात."

प्रार्थनानं डबा हलवून पाहिला. "तरीच खिचडी रोज खाली लागायची. किती उरलाय?"

"एका पेल्याचं पाणी उकळेल. ते गोरक्षनाथांना, आलं घालून. आपण पोहे गार पाण्यात भिजवू. सकाळी चहा नाही."

"माझ्यापायी तुमचा चहा कशाला, सर?"

"गप बसा. अन् टाळी वाजवू नका."

सरांनी तिन्ही पाठपिशव्यांचा आडोसा केला, पेलाभर पाणी मोजून घेतलं, झाकण ठेवलं. मग पद न धरता झाकणाकडेच बघत बसले. झाकण थडथडताच त्यांनी गॅस बंद केला. गोरक्षनाथांनी पेला दोन्ही हातांत धरून घोट घोट घेतला. हळूहळू दात थांबले.

"आता तरी म्हना," ते म्हणाले.

सरांनी पद धरलं. गार पोहे खात तिघांनी ते हवं तेवढं लांबवलं.

"पुढच्या खेपेला दोन डबे घेऊ," प्रार्थना म्हणाली.

"म्हणजे मला नेणार?"

"मग दुसरा डबा कोण वाहणार? मी नाही."