पाळण्यावरची घंटी आणि सिंगापूरची जहाजं

टिण्!

भर दुपारी घर गप्प होतं. बाळ निजलं होतं, म्हातारी भिंतीला टेकली होती आणि रूपा मोबाइलकडं बघत बसली होती. तेवढ्यात तिच्या सहा वर्षांच्या लेकीचा, अंबिकाचा, धक्का पाळण्याला लागला आणि मी वाजले.

मित्रांनो, मी एक जुनी पितळी घंटी आहे. माझा जन्म काही पाळण्यासाठी झाला नव्हता. हुमनाबादच्या एका ओताऱ्यानं मला मातीच्या साच्यात ओतलं. दुबलगुंडीच्या गुंडाप्पानं तीनदा कानाशी वाजवून मला पारखलं आणि कळपाच्या पुढं चालणाऱ्या एडक्याच्या गळ्यात बांधलं. मी वाजत असले की गुंडाप्पा बाभळीखाली निवांत भाकर खायचा. मी गप्प झाले की हातातला घास ठेवून उठायचा. "माझा अर्धा जीव या घंटीत हाय," असं तो म्हणायचा. त्यापेक्षा मोठं कौतुक मला पुन्हा मिळालं नाही.

पुढं गायरानं आटली, गुंडाप्पाही गेला. २००७ साली त्याच्या मुलानं, मल्लेशनं, कळप विकला आणि त्या पैशावर तो सिंगापूरला जहाजदुरुस्तीच्या गोदीत वेल्डर म्हणून गेला. मी खिळ्यांच्या डब्यात पडले. चार वर्षं काळी पडत राहिले. गेल्या वर्षी मल्लेश सुटीवर येऊन गेला आणि यंदा बाळ झालं, तेव्हा त्याच्या बायकोनं, रूपानं, मला चिंचेनं घासून लोकरीच्या दोरीनं पाळण्याला बांधलं.

आणि आज मोबाइल वाजला. मल्लेशचा फोन होता. रूपानं तो मोठ्या आवाजावर ठेवला.

मल्लेशनं तिकडं गेल्या दोन वर्षांत दोन लाख रुपये साठवले होते. आणखी दोन लाख झाले की हुमनाबादच्या हमरस्त्याला वेल्डिंगचं दुकान टाकायचं आणि कायमचं घरी यायचं, असं ठरलं होतं. आता त्याला एक जवळची वाट दिसली होती. तिकडचा एक ट्रस्ट लोकांचे पैसे गोळा करून जहाजं घ्यायचा, ती भाड्यानं द्यायचा आणि भाडं लोकांना वाटायचा. त्याचा जो हिस्सा एकेकाळी एका डॉलरला, म्हणजे शंभर सेंटला मिळायचा, तो आता बारा सेंटवर आला होता. पैसे उद्या सकाळी भरायचे होते.

"बोल की रूपा. कामून गप्प हायस?"

"बाळ निजलंय. हळू बोला."

"अगं, वर्षाला शंभराला अठरा द्यायलेत. भाव वर गेला तर पुढल्या दिवाळीला मी घरी!"

पाळण्याच्या दोरीवर रूपाची मूठ आवळली. तो ताण माझ्यापर्यंत आला.

"एवढं चांगलं हाय, तर लोक विकायलेत कामून?"

"त्यांच्या अकरातली चार जहाजं बिनभाड्याची उभी हायत. एक तर आमच्याच गोदीत गंज खायलंय. पण हे आपल्या निम्म्याच्या मेंढ्यांवानीच की! मेंढ्या आपल्या, राखणारा दुसरा, वाढ निम्मी-निम्मी. माझे अप्पा न्हाई का द्यायचे?"

मल्लेशची आई, म्हातारी पद्माबाई, ताठ बसली. "अरं, मेंढी वितीया. जहाज वितंय व्हय?"

"अव्वा, जहाज भाडं देतंय."

"अन् उभं ऱ्हायलं की? चारा तर खातंयच की न्हाई?"

"बँकेचा हप्ता असतोय. आधी बँकेला, मग आपल्याला."

"मंजी दूध आधी बँक पिणार, उरलं तर कोकरू!"

रूपाला हसू आलं, पण ओठांवरच थांबलं. "अन् हे अठरा भाड्यातनं देतेत, का आपलेच पैसे आपल्याला परत?"

"ते कागदात असंल. इंग्रजी हाय."

"वाचला का कुणी?"

"फोरमननं बी घातलेत की पैसे."

"मी वाचला का इचारलं."

पद्माबाई हळूच म्हणाली, "राखणाऱ्याकडं मेंढी मेली तर तो आपली खूण कापलेला तिचा कान आणून दाखवायचा. तवा मेंढी खरंच मेली असं तुझा बाप मानायचा. तुझं जहाज गेलं तर कान कोण आणून दाखवंल रं, लेकरा?"

रूपानं डोळे मिटले. मिटलेल्या डोळ्यांपुढं दिवाळी असणार.

"नका घालू," ती म्हणाली.

"मंजी आणखी दोन वर्षं, रूपा."

"व्हय. दोन वर्षं."

"बरं," तो म्हणाला. आणि फोन बंद झाला.

मित्रांनो, मी समुद्र बघितला नाही. जहाजाचं मला काय कळणार? मला एवढंच ठाऊक आहे, की जे लांब चरायला सोडलंय त्याच्या आवाजाकडं एक कान असू द्या. वाजतंय तोवर जेवा, हसा. गप्प झालं, की हातातला घास ठेवून उठा. मला घासलं नाही तरी चालेल, पण माझं गप्प होणं तेवढं ऐका.

अंबिकानं सगळं ऐकलं होतं. तिनं मला मुठीत घट्ट धरलं, वाजू दिलं नाही.

"आई, बाबा बी जहाजातच उतरून काम करतेत ना?"

"व्हय गं."

"मग बाबांना काय झालं, तर त्यांची खूण कोण घेऊन येतंय?"