साडेसात बटणांचे दार

निवृत्त माणसाला छंद हवा, असे सगळेच सांगतात. तो छंद घरातल्या इतरांना झेपेल का, हे मात्र कोणी विचारत नाही. आपल्या गोष्टीतले गृहस्थ तंत्रनिकेतनातून पदविका घेऊन बाहेर पडले आणि उभी हयात त्यांनी कारखान्याच्या आरेखन विभागात काढली. भिंतीवरची तसबीर किंचित कलली तरी त्यांचा घास घशात अडकत असे. लोक त्यांना पाठीमागे ‘काटकोन’ म्हणत. पुढे ते त्यांच्या कानावर गेले, तेव्हा हा आपला गौरव आहे असे समजून त्यांनी ते नाव स्वीकारले.

काटकोन प्लास्टिकच्या खेळण्यातल्या विटांमधून जुन्या धाटणीच्या दुकानांच्या प्रतिकृती घडवीत. आधी मोजमाप, मग आराखडा, मग विटा, आणि शेवटी आतले काउंटर, फडताळे, छताला टांगलेला दिवा. जेवणाचे टेबल या बाजारपेठेने केव्हाच गिळले होते. बायको ताट मांडीवर घेऊन जेवी आणि म्हणे, “सगळी दुकानं घरात आली. फक्त किराण्याचं तेवढं राहिलं, त्याला मलाच जावं लागतं.”

त्यांच्या छंदमंडळाचे सुवर्णपदक दरवर्षी एक दंतवैद्य पटकावीत. यंदा ते आपल्याकडे यायलाच हवे, या एका ध्यासाने काटकोनांची झोप उडाली होती. पदकाच्या अटी दोन: मूळ दुकान जुने असावे आणि प्रतिकृती त्याच्याशी तंतोतंत जुळावी. दुकान उभे असेल तर परीक्षक प्रतिकृती त्याच्यासमोर ठेवून ताडून पाहणार. पडलेले असेल तर छायाचित्रावर भागवणार.

काटकोनांनी बायकोच्या थोरल्या भावाचे छत्र्यांचे दुकान निवडले. ते शहरातले सर्वांत जुने होते आणि तिथे मोजपट्टी घेऊन लुडबुड केली तरी कोणी हाकलणार नव्हते. अडचण उद्भवली ती दाराशी. या विटांच्या जगात अंतर मोजायचे ते विटेवरच्या गोल बटणांनी, आणि प्रतिकृतीच्या प्रमाणात दुकानाचे दार भरत होते साडेसात बटणे. अर्ध्या बटणाने सरकणाऱ्या विटा बाजारात मिळतात, हे काटकोनांना ठाऊक होते. पण असल्या विटा म्हणजे कच्च्या कारागिराची पळवाट, असे त्यांचे ठाम मत होते. त्यांनी आकडेमोड पुन्हा तपासली. आराखड्यात चूक नव्हती. अर्थात चूक दुकानात होती.

“दादा, तुमचं दार चुकलंय,” ते मेहुण्यांना म्हणाले.

मेहुणे एका छत्रीची काडी सरळ करीत होते. त्यांनी मान वर केली नाही. “आजोबांपासून त्यातूनच ये-जा करतोय, जावईबापू. अजून कोणी अडकलं नाही.”

“ते साडेसात भरतं. आठ हवं.”

“साडेसात काय?”

“बटणं.”

“दुकान आहे हो, सदरा नाही.”

पण काटकोनांनी सारा खर्च अंगावर घेतला आणि मेहुण्यांनी आयुष्यात फुकटच्या रंगाला नको म्हटले नव्हते. आठ बटणांच्या मापाची नवी चौकट आणि दार आले. उजवीकडे झुकलेल्या दर्शनी भिंतीवर फळ्या ठोकून ती सरळ करण्यात आली. दाराचा मूळ रंग हिरवा म्हणावा तर राखाडी आणि राखाडी म्हणावा तर हिरवा असा होता, आणि त्या रंगाची वीट निघत नसे. म्हणून सगळे दुकान विटांच्या डब्यातल्या हिरव्या रंगात न्हाऊन निघाले. काम पुरे झाल्यावर बायको रस्त्याच्या पलीकडे उभी राहून माहेरच्या दुकानाकडे बघत राहिली.

“कसं वाटतं?” काटकोनांनी विचारले.

“मेलेल्या माणसाला पावडर लावल्यासारखं,” ती म्हणाली.

परीक्षणाच्या दिवशी परीक्षकबाई आल्या, पाठोपाठ मंडळाचे सभासद आणि सगळे दात दाखवीत दंतवैद्य. बाईंनी प्रतिकृती दुकानासमोर स्टुलावर ठेवली. दार जुळले, भिंत जुळली, पाटीवरची छत्रीसुद्धा जुळली. काटकोनांची मान ताठ झाली.

“प्रतिकृती सुरेख आहे,” बाई म्हणाल्या. “आता मूळ दुकान दाखवा.”

“हेच ते.”

बाईंनी दाराला बोट लावले आणि बोटाला लागलेला हिरवा रंग रुमालाला पुसला. “हे तर तुमच्या प्रतिकृतीवरून बांधलेलं दिसतंय. आम्हाला जुनं दुकान हवं.”

काटकोन मेहुण्यांकडे वळले. “दादा, ते जुनं दार आणा बरं.”

दोघा मेहुण्यांनी मागच्या खोलीतून दार ओढत आणले. भिजलेल्या छत्र्या आपटून आपटून त्याच्या खालच्या कडेला खळगा पडला होता. बाई गुडघ्यांवर बसल्या, त्या खळग्यावरून त्यांनी हात फिरवला, मग टेप काढून दार मोजले आणि प्रतिकृतीतले दारही मोजले.

“दार अस्सल आहे,” त्या उठत म्हणाल्या. “पण साडेसात भरतं. म्हणजे तुमची प्रतिकृती चुकली.”

“मग नव्या दाराशी ताडा ना.”

“मग दुकान जुनं राहत नाही. काय ते एक ठरवा.”

काटकोनांनी दोन्ही बाजूंनी विचार केला. दोन्हीकडून उत्तर शून्यच येत होते.

पदक दंतवैद्यांनाच मिळाले. त्यांनी निवडलेल्या औषधाच्या दुकानाच्या जागी आता वाहनतळ होता आणि छायाचित्र धूसर होते. ताडायलाच काही नव्हते, तिथे चूक कुठून सापडणार? निघताना त्यांनी काटकोनांच्या खांद्यावर हात ठेवला. “पुढच्या वेळी आधी पाडून घ्या.”

मंडळी पांगली. मेहुणे पायरीवर टेकले. “जावईबापू, माझं दार मला परत लावून द्या. जुनी गिऱ्हाइकं समोरून निघून जातात. त्यांना वाटतं, खेळण्यांचं दुकान आलंय.”

काटकोनांनी जुने दार उचलून नव्या चौकटीत उभे केले आणि सवयीने मोजपट्टी लावली.

“फट राहते,” ते पडलेल्या आवाजात म्हणाले. “अर्ध्या बटणाची.”

बायकोने पिशवी उचलली. तिला अजून किराणा आणायचा होता.

“मग तिथे तुम्ही उभे राहा,” ती म्हणाली.