सातवीचा अठरा नंबर

पुनम कुळमेथे इतिहासाची शिक्षिका म्हणून बदलून आली, त्या वर्षी मुलांची ती सरकारी शाळा शंभर वर्षांची होत होती. लांब पडवी, सागवानी आढं, जाड भिंती. इथून तहसीलदार निघाले, फॉरेस्टर निघाले, एक आमदारही निघाला. स्मरणिकेसाठी शाळेचा इतिहास लिहायचं काम मुख्याध्यापकांनी पुनमच्या गळ्यात घातलं आणि वर सातवीचा वर्गही दिला.

पहिल्याच आठवड्यात ती हजेरी घेत होती. नुसते नंबर पुकारायची तिची सवय.

"सतरा."

"हजर, मॅडम."

"अठरा."

"हजर."

आवाज खिडकीकडून आला. बारीक, जरासा घोगरा. खूण करायला पुनमनं पेन टेकवलं, तर रजिस्टरात सतराच्या खाली थेट एकोणीस होता. तिनं मान वर केली. खिडकीजवळचा बाक रिकामा होता आणि सगळी पोरं चिडीचूप होऊन त्या बाकाकडे पाहत होती.

"कोण बोललं?"

मॉनिटर प्रणित उभा राहिला. "मॅडम, अठरा नंबर पुकारत नसतात. पहिलेपासून तसंच आहे."

"काऊन?"

"माहीत नाई. माह्या बापाच्या वेळेसही तो नंबर नव्हता. त्या बाकावर कोणी बसत नाई."

पोरांची चेष्टा असेल, असं पुनमनं स्वतःला समजावलं.  तरी मधल्या सुटीत तिनं जुन्या दप्तराची खोली उघडायला लावली आणि हजेरीची रजिस्टरं खाली काढली. नव्वद सालचं, पंचाहत्तरचं, त्रेसष्टचं. सातवीत अठरा नंबर कुठेच नव्हता. अठ्ठावन्न सालच्या रजिस्टरात मात्र तो सापडला: लच्छू कोरके उसेंडी. जुलैपासून दिवाळीपर्यंत एकही दिवस गैरहजर नाही. दिवाळीनंतर लाल शाईची रेघ आणि 'नाव कमी केले' एवढीच नोंद.

एकही दिवस न चुकवणाऱ्या पोराचं नाव कशाला कमी केलं असेल? त्याच पानावर एकोणीस नंबरला सोमाजी निकुरे हे नाव होतं. पोस्टातून रिटायर झालेले सोमाजी शाळेमागच्याच गल्लीत राहत होते. पुनम दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे गेली. ऐंशी वर्षांचा तो म्हातारा पडवीतल्या खाटेवर वालाच्या शेंगा सोलत बसला होता. तिनं लच्छूचं नाव घेतलं आणि त्यांचे हात थांबले.

"तुमाले ऐकू आला का तो?" त्यांनी हळूच विचारलं.

पुनमनं वर्गातली गोष्ट कोणालाच सांगितली नव्हती. ती फक्त "हो" म्हणाली.

"तेव्हा तो नाई बोलला, बाई. मी बोलत होतो."

मग त्यांनी सगळं सांगितलं. लच्छू आत जंगलातल्या गावचा. होस्टेलात राहायचा. वर्गात तोंडून गोंडी शब्द गेला की गुरुजी त्याला दिवसभर पडवीत उभा करत. तीन दिवस उभा राहून चौथ्या दिवशी, ऐन श्रावणात, त्यानं घरी जायचं ठरवलं. सोमाजीला म्हणाला, दोन दिवसांनी येतो, तवर माह्या नावानं हजर बोल.

"गुरुजी मान खाली घालून नंबर घेत. मी आवाज बदलून बोलत गेलो. दोन दिवस झाले, आठ झाले. मंग सांगाची हिंमत झाली नाई. होस्टेलवाल्यायले वाटे, घरी गेला. घरच्यायले वाटे, शाळेत आहे. दिवाळीत त्याचा बाप न्यायले आला, तवा समजलं."

"पुढच्या वर्षी?"

"आमी सातवीतल्या नव्या पोरायले सांगतलं, तो नंबर घेऊ नका. गुरुजी काहीच बोलले नाई. त्यायनंच अठरा गाळला."

"आणि तो गेला कोणत्या वाटेनं?"

सोमाजींनी हातातली शेंग खाली ठेवली. "ते मी कोणालेच नाई सांगतलं," ते म्हणाले.

पुढच्या रविवारी पुनम त्यांना गाडीत घालून लच्छूच्या गावी घेऊन गेली. बहीण सोमारी जिवंत होती. लच्छू गेला तेव्हा ती नऊ वर्षांची होती. अंगणात मोहाच्या झाडाखाली तिनं दोघांना बसवलं.

"बाप चारदा सडकेनं शोधत गेला," ती म्हणाली. "माणसायले विचारत, झाडायले विचारत."

"तो सडकेनं नव्हता गेला, बाई," सोमाजी म्हणाले. "नाल्याच्या पायवाटेनं गेला. मी पाह्यलं. नाल्याले पूर होता."

सोमारी रडली नाही. तिनं एवढंच विचारलं, "काही खाल्लं होतं का त्यानं?"

"मूठभर मुरमुरे. मीच देल्ले होते."

गावात माणूस गेला की त्याच्या नावाचा दगड उभा करायची रीत. लच्छूचा दगड नव्हता. जित्या माणसाचा दगड कसा लावावा, म्हणून बापानं मरेपर्यंत लावू दिला नव्हता.

इकडे पुनमनं शाळेच्या इतिहासात लच्छूचं एक पान लिहिलं. ते वाचून स्मरणिका समितीचे धनराजभाऊ म्हणाले, "चांगल्या कामात हे कशाले, मॅडम?" पुनमनं पान मागे घेतलं नाही. शेवटी ते छापलं गेलं, पण पडवीतल्या शिक्षेची वाक्यं गाळून. त्यावरून ती मुख्याध्यापकांशी भांडली आणि हरली.

फाल्गुनात सोमारीनं दगड उभा केला. इतरांच्या दगडांजवळ नाही, नाल्याकडून येणाऱ्या वाटेवर. सोमाजींनी माती ओढायला हात लावला तेव्हा तिनं त्यांना अडवलं नाही. तिनं त्यांना माफ केलं, असं मात्र पुनमला वाटलं नाही. दगडाच्या बुडाशी तिनं पायांनी माती दाबली, भावाला दोनदा हाक मारली आणि गोंडीत सांगितलं की घर आता सडकेच्या बाजूला आहे.

मग ती निघाली. सोमाजी तिथेच उभे होते. चार पावलांवर थांबून ती मागं न पाहता मराठीत म्हणाली, "भाऊ, चाल. ऊन चढून राह्यलं."