पोंक्ष्यांच्या घरून बंब गेला

मी तांब्याचा बंब बोलतोय. न्हाणीघरातून नव्हे, ठाण्यातल्या एका मालखान्यातून. चोरीचा नि जप्तीचा माल पोलीस जिथं ठेवतात, ती ही खोली. माझ्या तोटीला सुतळीनं पुठ्ठ्याचा एक तुकडा बांधलाय. त्यावर माझ्याविषयी एकच शब्द लिहिलाय आणि तो खोटा आहे. पण सरकारी शाईतलं खोटं आणि एका बंबाच्या तोंडचं खरं, यांत लोक कशावर विश्वास ठेवतील याची मला खात्री नाही. तुम्ही कोण, कुणी पाठवलंय, तेही मला ठाऊक नाही. तरी सांगतो. गप्प राहिलं की तांबं हिरवं पडतं.

माझा जन्म पुण्याच्या तांबट आळीतला. मधोमध विस्तवाचा नळा, भोवती पाण्याची जागा, खाली राखेची जाळी, पोटाशी पितळी तोटी. विस्तवानं नि पाण्यानं एकमेकांना न शिवता एका घरात नांदायचं, हा माझा सगळा धर्म. एका गृहस्थांनी मला मुलीच्या लग्नासाठी घेतलं आणि माझ्यावर नाव घालून घेतलं. नाव घालणाऱ्यानं छिन्नीनं टिंबं टिंबं ठोकत पोटावर लिहिलं, ‘चि. सौ. वासंतीस, बाबांकडून’. त्या टिंबांच्या गुदगुल्या मला अजून आठवतात.

वासंतीबाईंबरोबर मी पोंक्ष्यांच्या घरी आलो, साताऱ्याकडच्या एका गावात. अठ्ठेचाळीस साली, गांधीहत्येनंतर, आम्ही ते गाव सोडलं. का, ते जाणत्यांना ठाऊक आहे. तांब्याला जाळाची भीती नसते, घराला असते. त्या दिवशी वासंतीबाईंच्या यजमानांनी, त्र्यंबकरावांनी, पोलिसांची फार वाट पाहिली. कुणी आलं नाही. तेव्हापासून पोलिसांचा विषय निघाला की ते चष्मा पुसायला लागत.

डोंबिवलीत त्यांना शाळेत मास्तरकी मिळाली. स्टेशनापासून दूर, भातखाचरांच्या कडेला दोन खोल्यांचं घर, पुढं ओटी, मागं न्हाणीघर. न्हाणीघरात उभं राहणाऱ्याला माणसाचं जे रूप दिसतं ते बायकोलाही दिसत नाही. त्र्यंबकराव एम. ए. झालेले, तर्कशास्त्र शिकलेले. पण अंगावर तांब्या ओतताना स्वतःशीच भांडत. “मी बोललो ते बरोबर होतं का? आणि बरोबर असलं तरी बोलायला हवं होतं का?” पुन्हा एक तांब्या, पुन्हा तोच वाद. इतकी वर्षं ऐकून ती खोड मलाही लागली आहे.

छप्पन साली गावात दोन गोष्टी एकदमच वाढल्या. एक म्हणजे संयुक्त महाराष्ट्राच्या सभा. मराठी राज्य मिळायचं सोडून गुजरातसकट थोरलं द्विभाषिक राज्य होणार, म्हणून लोक खवळले होते. दुसरी म्हणजे भांड्यांच्या चोऱ्या. आज कुणाच्या विहिरीवरची घागर जाई, उद्या कुणाच्या पडवीतला हंडा.

त्र्यंबकराव काही पुढारी नव्हते. मोर्चात ते कडेकडेनं चालत, म्हणजे शाळेतलं कुणी भेटलं तर बाजारात निघालोय असं म्हणता यावं. पण शनिवारी आमच्या ओटीवर चार माणसं जमत, वर्तमानपत्र मोठ्यानं वाचत आणि चहा संपला की सरकारला शिव्या देत. तेवढं पुरलं. श्रावणापासून समोरच्या उंबराखाली एक माणूस उभा राहू लागला. धोतर, काळी टोपी, हातात वर्तमानपत्र आणि पायात जाडजूड सरकारी बूट.

“बाय, तो चोर हाय,” मला घासता घासता रंगूबाई म्हणाली. ती आमची कामवाली. “आपली भांडी हेरतंय.”

“चोर असले बूट घालत नाही, रंगू. त्याला पळायचं असतं,” वासंतीबाई म्हणाल्या.

एके दिवशी त्या सरळ कपबशी घेऊन उंबराखाली गेल्या. तिथं झालेलं बोलणं त्यांनी परत येऊन रंगूबाईला जसंच्या तसं करून दाखवलं.

“अहो, रोज उभं राहून पाय भरून येत नाहीत का?”

“बाई, मी हितं नाहीच.”

“मग हा चहा कुणाला देऊ?”

“द्या. पर मला बघितलं म्हणून कुनाला सांगू नका.”

“बरं. नाव काय तुमचं?”

“महिपत. पर ते बी सांगू नका.”

दोघी हसल्या. ओटीवर त्र्यंबकराव मात्र हसले नाहीत. “चहा कशाला दिलास? उद्या लाच दिली म्हणतील.”

दिवाळी तोंडावर आली. मुलगी, सुहासिनी, वैशाखात सासरी गेली होती. जावयाचा हा पहिला दिवाळसण. नरकचतुर्दशीच्या पहाटे त्याला तेल, उटणं आणि माझं कढत पाणी, असं वासंतीबाईंनी कधीच मनात योजून ठेवलं होतं. रंगूबाईनं मला मागच्या अंगणात काढलं, चिंच नि राख लावून लखलखीत केलं आणि उन्हात ठेवून ती घरी गेली. त्र्यंबकराव शाळेत, वासंतीबाई बाजारात. घराकडे लक्ष ठेवणारा एकटा महिपत, आणि तो समोरच्या बाजूला.

मागचं कुंपण ओलांडून एक माणूस आला. त्यानं मला टिचकी मारली, नाद ऐकला आणि मान डोलावली. मग खांद्यावर पोतं टाकून, त्यावर मला घेऊन खुशाल पुढच्या रस्त्यानं निघाला. मला वाटलं, सुटलो! समोर पोलीस उभा आहे.

“काय रं, काय न्हेतोस?” महिपतानं विचारलं.

“बंब. मास्तरांचा. तोटी गळती, डाग द्यायला कल्याणला न्हेतोय. दिवाळी आली न्हवं?” टांगा शेजारीच उभा होता. “जरा हात लावा की हवालदार, लई जड हाय.”

आणि महिपतानं मला हात लावला. दोघांनी मिळून मला टांग्यात चढवलं. माझी तोटी गळत नव्हती, कधीच गळली नाही. चोरी झाल्याचं मला जेवढं लागलं नाही तेवढं ते वाक्य लागलं.

यापुढचं काही मी पाहिलं, काही पुढं महिपतानं सांगितलं. त्यातलं किती खरं, ते तुमचं तुम्ही ठरवा.

त्र्यंबकराव संध्याकाळी चौकीवर गेले. जमादार मोर्चाच्या बंदोबस्तात बुडालेला.

“मास्तर, दिवाळीपर्यंत एक माणूस मोकळा नाही. सगळे सभांवर.”

“आमच्या दारात एक आहे की.”

“तो चोरांसाठी नाही, मास्तर. तो तुमच्यासाठी आहे.”

त्र्यंबकराव चष्मा पुसत घरी आले. वासंतीबाईंना ते इतकंच म्हणाले, “अगं, कागदावर तक्रारसुद्धा घेतली नाही.” त्यावर त्या म्हणाल्या, “माझ्या बाबांनी दिलेला बंब गेला नि तुम्ही कागदाचं काय सांगता?”

चोरीचं कानावर आल्यावर महिपतानं त्या दिवशी नेहमीसारखा ठाण्याच्या साहेबांना फोन केला. आत कोण गेलं, बाहेर कोण आलं, ते रोज कळवायचं असे. तारेत खरखर होती.

“पोंक्ष्यांच्या घरून बंब गेला, साहेब.”

“काय गेला?”

“बंब, साहेब. कल्याणकडं. टांग्यातून. पेटवायचा होता चतुर्दशीला, पहाटं.”

 माणूस कानानं ऐकत नाही, संशयानं ऐकतो. ज्या घरावर महिनोन्महिने पहारा, त्या घरातून न्हाणीघरातला बंब कसा जाईल? तिथून दुसरंच काहीतरी जायला हवं.

“बॉम्ब?” साहेब ओरडले.

“व्हय, साहेब,” महिपत म्हणाला.

तो म्हणतो, खरखरीत नीट ऐकू आलं नाही. मला शंका आहे. मला टांग्यात चढवणारे हात त्याचे होते. साध्या बंबासाठी कुणी हलणार नाही हेही त्याला ठाऊक होतं. पण विचारलं की तो म्हणतो, “मी हितं नाहीच.”

मी तेव्हा कल्याणच्या बाजारामागं एका मोडीच्या व्यापाऱ्याच्या गुदामात होतो. तिथं सगळी डोंबिवली रचून ठेवली होती. घागरी, हंडे, पराती, आणि प्रत्येकीवर घातलेलं नाव. कुणाची कलावती, कुणाची सरोज, कुणाच्या मुंजीची तारीख. एक माणूस घण घेऊन बसला होता. नाव चेपायचं, भांडं चपटं करायचं, मोडीत टाकायचं. माझ्या शेजारची घागर चपटी झाली. त्यानं मला पुढं ओढलं.

तेवढ्यात टांगेवाल्याकडून पत्ता काढत पोलिसांच्या जीप आल्या. शिट्ट्या, धावपळ, “मागं व्हा!” घणवाला पळाला. पोलीस भिंतीआड बसले आणि एकानं लांबूनच माझ्यावर बादल्या रिकाम्या केल्या. नेमकं वरच्या तोंडातून पाणी आत गेलं आणि न्हाणीघर सुटल्यापासून पहिल्यांदाच मला घरी असल्यासारखं वाटलं. मग एक शिपाई सरपटत जवळ आला. त्यानं डोळे मिटून माझी तोटी फिरवली. पाणी आलं.

“साहेब,” तो उठून उभा राहत म्हणाला, “हा आंघुळीचा बंब हाय.”

कुणी हसलं नाही. साहेबांनी पुढं येऊन स्वतः तोटी फिरवून पाहिली.

“आणि ही बाकीची भांडी, साहेब? सगळी चोरीची दिसतात.”

“आपण चोरीसाठी आलेलो नाही,” साहेब म्हणाले.

मला एकट्याला जीपमध्ये घातलं. मागं वळून पाहिलं तर व्यापारी हात जोडून उभा होता आणि घणवाला परत येत होता.

दुसऱ्या दिवशी त्र्यंबकरावांना ठाण्याला बोलावणं आलं. वासंतीबाई हट्टानं बरोबर आल्या. साहेबांनी मला टेबलाशेजारी उभं केलं होतं. बॉम्ब सापडल्याची खबर मुंबईला केव्हाच गेली होती. ती परत घ्यायची तर साहेबांचंच हसं झालं असतं.

“मास्तर, शिकलेले आहात, सरळ बोलतो,” साहेब हळू आवाजात म्हणाले. “ही वस्तू तुमची म्हणालात, तर तुमच्या घरून निघालेला बॉम्ब तुमचाच ठरेल. शाळेला कळवावं लागेल. नोकरी गेली म्हणून समजा. तुमची नाही म्हणालात, तर बेवारस सापडली असं लिहितो. घरी जा, दिवाळी करा. हा बंब तुमचा आहे का?”

सुहासिनीच्या लग्नाचं देणं अजून फिटलं नव्हतं. नोकरी गेली तर घर गेलं, आणि पुन्हा गाव सोडायला आता वय नव्हतं. त्र्यंबकरावांनी चष्मा पुसला. माझ्याकडे बघितलंच नाही.

“माझा नाही,” ते म्हणाले.

माझ्यात जेवढं पाणी होतं तेवढं गार पडलं. वासंतीबाईंनी नवऱ्याकडे मान वळवली. 

“माझा नाही,” त्र्यंबकराव पुन्हा म्हणाले.  “हिचा आहे. पोटावर नाव आहे, साहेब. वाचा.”

ते दुसरं वाक्य त्यांनी आधीच ठरवलं होतं, की बायकोची नजर बघून सुचलं? मी अजून विचार करतो. त्यांनाही ठाऊक नसावं. नंतर त्यांनी आंघोळीच्या वेळी स्वतःशी किती वाद घातला असेल, तो ऐकायला मी तिथं नव्हतो.

साहेबांनी नाव वाचलं. वासंतीबाई पदर खोचून उभ्या राहिल्या. “बॉम्ब म्हणता ना? चार करवंट्या नि काडेपेटी द्या. इथंच पेटवून दाखवते.”

कोपऱ्यातला एक शिपाई नकळत मागं सरकला.

“कोर्टातसुद्धा पेटवीन,” त्या म्हणाल्या. “जज्जसाहेबांचे हातपाय धुवून होतील.”

कोर्टात धुमसणारा बंब आणि हसणारे वकील साहेबांच्या डोळ्यांपुढं उभे राहिले असावेत. त्यांनी कागद मिटला. “जा तुम्ही. खटला नाही. शाळेला काही कळवत नाही.”

“आणि बंब?”

“कसला बंब?” साहेब म्हणाले. “इथं बंब नाही.”

त्या दारापर्यंत गेल्या आणि परत येऊन माझ्या पोटावरून, त्या टिंबांवरून त्यांनी एकदा हात फिरवला. जावयाची पहिली आंघोळ पातेल्यातल्या पाण्यानं झाली असेल.

त्याला आता काही दिवाळ्या झाल्या. महिपताची बदली इथल्याच पहाऱ्यावर झाली. शिक्षा म्हणून, की बक्षीस म्हणून, ते मला उमगलेलं नाही. थंडी पडली की पहारेकरी मला पहाटे गुपचूप मागच्या चौकात नेतात, करवंट्या पेटवतात आणि सगळे आंघोळ उरकून मला पुसून जागेवर ठेवतात. तोटीवरचा पुठ्ठा भिजू नये म्हणून महिपत तो आधी सोडतो आणि मग पुन्हा बांधतो. त्यावर लिहिलंय, ‘बॉम्ब’.

तुम्ही डोंबिवलीकडचे असाल तर एक काम करा. घरात चोरी झाली तर काय गेलं ते सांगताना शब्द जपून वापरा; कुणी धावून यावं असं वाटत असेल तर थोडे कमी जपून. आणि भातखाचरांच्या कडेचं ते घर अजून असेल, तर वासंतीबाईंना भेटा. मी सुखरूप आहे म्हणून सांगू नका, त्यांना पटणार नाही. एवढंच सांगा, की तोटी गळत नाही. तो चोर खोटं बोलला होता.