कोतवालच्या पाठीवरचा ठोकळा

मित्रांनो, मी एक जुना शिशाचा ठोकळा आहे. अर्ध्या विटेहूनही लहान दिसतो, पण उचलायला गेलात तर हात खाली ओढेन इतका जड. माझ्या अंगावर पाचचा आकडा कोरलेला आहे, म्हणजे पाच किलो. एके काळी हा आकडा वर करून बसायला मला आवडायचं. आता कोणी मला पालथा ठेवला तर बरं वाटतं. असं का, तेच तुम्हाला सांगणार आहे.

माझा जन्म भूमजवळच्या वाशीतल्या श्रीमंत नावाच्या ओताऱ्यांच्या भट्टीत झाला. ट्रॅक्टरच्या जुन्या बॅटऱ्यांतलं शिसं वितळवून त्यांनी मला वाळूच्या साच्यात ओतलं. माझ्याबरोबर माझा जोडीदारही ओतला, अगदी माझ्यासारखाच. मला तेव्हा वाटलं होतं, आपण एखाद्या दुकानात गूळ मोजायला जाणार. पण आम्हाला घ्यायला आल्या गौराबाई.

गौराबाईंचे यजमान वीरप्पा भूमच्या एसटी स्टँडवर टांगा चालवायचे. ते गेले, रिक्षा आल्या, टांगा मोडला, पण गौराबाईंची घोड्यांची नजर गेली नाही. त्यांचं गाव वाशीहून भूमला जाताना रस्त्यातच लागतं. तिथे दर वर्षी यात्रेत घोड्यांची शर्यत होते. त्या शर्यतीचं एक दुखणं होतं. अमरसिंह नावाच्या मोठ्या बागाईतदारांचा काळाभोर घोडा, कोतवाल, दर वर्षी पहिला यायचा. निकाल आधीच ठाऊक असल्यावर बाकीचे लोक आपले घोडे आणायचे बंद झाले. शेवटी यात्रा कमिटीचे दगडोबा गौराबाईंच्या दारात येऊन बसले.

"बाई, काय तरी करा. औंदा चारच घोडी आलीत."

गौराबाई म्हणाल्या, "जो जास्त पळतो, त्याच्या पाठीवर जास्त वजन टाका. जो कमी पळतो, त्याला कमी. मग बघा, शेवटपतुर कोण जितंल ते कळणार न्हाय."

म्हणून आम्ही ओतले गेलो. लहानमोठे बरेच ठोकळे होते, पण सगळ्यांत जड मी आणि माझा जोडीदार. आम्हाला खोगिराखालच्या दुहेरी पिशवीत, म्हणजे खुर्जीत, दोन्ही बाजूंना एकेक असं घालायचे. आणि आम्ही अर्थातच कोतवालच्या वाट्याला आलो.

कोतवालवर बसणारा होता सोमेश, गौराबाईंचा मुलगा. अमरसिंहांनी घोडा घेतला तो शिंगरू असताना, आणि त्याला चालायला, वळायला, पळायला शिकवलं ते सोमेशने. म्हणूनच तर गौराबाईंचा शब्द सगळे मानत. लोक म्हणायचे, पोटच्या पोराच्या घोड्यावर सगळ्यांत जास्त वजन टाकणारी बाई आहे ही. तिच्या हातात खोट नाही.

शर्यतीच्या सकाळी त्या एकेक घोड्यापाशी जायच्या. तो पाणी कसा प्याला, कान कुठे वळतात, चालवून आणल्यावर धाप किती वेळ टिकते, मागचा पाय पुढच्या पायाच्या ठशावर पडतो की अलीकडे, हे सगळं त्या बघायच्या. वाकून मातीही चिवडायच्या. माती भुसभुशीत असेल तर रुंद खुराचा घोडा बरा, मुरूम टणक असेल तर हलका. टेंपोत उभं राहून लांबून आलेला घोडा दिसायला ताजा असला तरी त्याच्यावर त्या भरवसा ठेवायच्या नाहीत. मग वजनं ठरवायच्या, आणि शेवटी कडुनिंबाखाली उभं राहून आपला अंदाज सांगायच्या. लोक त्या अंदाजावर पैजा लावायचे.

"म्या अंदाज सांगते, पैसं लावा म्हणत न्हाय," असं त्या दर वेळी बजावायच्या. पण आपण तोंड उघडलं की मैदान गप्प होतं, याचं त्यांना मनातून सुख होतं. खोटं कशाला बोलू, ते सुख मलाही होतं. मीच तर त्यांचा अंदाज पाठीवर घेऊन पळत होतो ना!

शर्यतीला पुन्हा रंग चढला. लांबलांबून घोडे यायला लागले. कोतवाल मात्र आमच्या वजनाखाली कधी दुसरा, कधी तिसरा यायचा. त्याची पाठ तापायची, घाम खुर्जीत झिरपायचा. तो बिचारा कधी कुरकुरला नाही. कुरकुरला तो सोमेश.

एकदा जेवताना तो आईला म्हणाला, "आव्वा, दरसाल माझ्याच घोड्यावर का?"

"चांगला हाय म्हणून. वजन म्हंजी शिक्षा न्हाय रे, मान हाय."

"मान तुला मिळतो, आव्वा. त्याला काय मिळतं?"

गौराबाईंनी भाकरी वाढली आणि त्या उठल्या.

त्याच सुमाराला अमरसिंहांनी सोमेशला सांगितलं होतं की या वर्षी घोडा हरला तर विकून टाकणार. हे सोमेशने आईला सांगितलं नाही. सांगून ती वजन कमी करणार नाही, हे त्याला ठाऊक होतं.

यात्रेच्या आधीच्या आठवड्यात गौराबाई भूमच्या बाजाराला गेल्या होत्या. दुपारची वेळ होती. सोमेशने घरात ठेवलेली आमची गोणी उघडली आणि आम्हा दोघांना कोतवालच्या गोठ्यात नेलं. त्याच्या हातात गिरमिट होतं. मित्रांनो, शिसं मऊ असतं. गिरमिट माझ्या पोटात शिरलं तेव्हा मला काही फार दुखलं नाही. माझा कीस चांदीसारखा चमकत खाली पडला. त्याने आम्हा दोघांच्याही पोटात लाकडाच्या चिपा ठासल्या, वरून वितळवलेलं शिसं ओतलं, कानशीने घासलं आणि माती चोळली. बाहेरून मी होतो तसाच दिसत होतो. पाचचा आकडाही जागच्या जागी होता. मात्र तो आकडा आता खोटा होता, आणि तो माझ्या अंगावर होता. सोमेशही काम झाल्यावर आनंदला नव्हता. त्याने कीस गोळा केला आणि किती तरी वेळ तो कोतवालच्या मानेवर डोकं टेकून उभा राहिला.

शर्यतीचा दिवस उजाडला. गौराबाईंनी सगळे घोडे पाहिले आणि कडुनिंबाखाली येऊन सांगितलं, "औंदा जोंधळी."

जोंधळी ही बजरंग नावाच्या वरातीवाल्याची पांढुरकी घोडी. तिच्यावर बसणार होती त्याची मुलगी अर्पिता. कॉलेजात शिकणारी, काटकुळी पोर. बापाला वाटायचं, घोडी वरातीतच बरी. अर्पिताने हट्टाने तिला शर्यतीत आणलं होतं. गौराबाईंचा शब्द ऐकून तिचा चेहरा असा फुलला की काय सांगू! आणि लोकांनी भराभर जोंधळीवर पैजा लावल्या.

वजनं भरायची वेळ झाली तेव्हा सोमेश पुढे आला. "आव्वा, तुझी कंबर दुखतीया. माझं मी भरतो."

गौराबाई हसल्या. पोराला आपली काळजी आहे असं त्यांना वाटलं. गोणीच्या अंधारात मला ते हसू ऐकू आलं, आणि मला तिथेच वितळून जावंसं वाटलं.

शर्यत सुटली. जोंधळी पहिल्यापासून पुढे होती. अर्पिता तिच्या मानेवर वाकली होती आणि सारं मैदान तिच्या नावाने ओरडत होतं. शेवटच्या टप्प्यात कोतवालने झेप घेतली. त्याची पाठ मला दर वर्षीइतकी दबलेली वाटली नाही. तो मानेच्या अंतराने पुढे निघून गेला.

गुलाल उधळला गेला. अमरसिंहांनी स्वतःच्या डोक्यावरचा फेटा सोमेशला बांधला. आणि दुसऱ्या बाजूला गौराबाईंभोवती लोक जमले.

"पोराला जितवायचं व्हतं म्हणून आमास्नी जोंधळीवर पैसं लावाया लावलं व्हय?"

"घरातच ठरलं व्हतं सारं!"

गौराबाई एवढंच म्हणाल्या, "अंदाज हाय बाबा. चुकतो."

लोक बोलत राहिले. त्या वजनं गोळा करायला लागल्या. त्यांनी मला खुर्जीतून काढलं. इतक्या वर्षांची सवय, त्यांनी हाताला तेवढाच जोर दिला, आणि हात नको तेवढा वर आला. त्या थबकल्या. मला तळव्यावर धरून राहिल्या. मग त्यांनी माझ्या जोडीदाराला उचललं. मग सोमेशकडे पाहिलं. सोमेशने मान वळवली आणि तो घोड्याच्या पोटाखालचा तंग सैल करायला लागला.

मित्रांनो, माझ्या आयुष्यात तेवढी लाज मला कधी वाटली नाही. ज्या हाताने माझ्यावर डोळे झाकून भरवसा टाकला होता, त्याच हाताला माझा खोटेपणा कळला होता. गौराबाईंनी आम्हाला गोणीत टाकलं आणि तोंड घट्ट बांधलं. त्या गप्प बसणार होत्या. लोकांच्या शिव्या खायच्या, पण पोराचं नाव घ्यायचं नाही, हे त्यांनी ठरवलं होतं.

एवढ्यात अर्पिता आली. डोळे पुसून पुसून लाल झाले होते.

"आजी, तुमी तर म्हणला व्हता जोंधळी. मग म्या कुठं चुकले? लगाम लवकर सोडला का?"

गौराबाई गोणीची गाठ आवळत राहिल्या.

"माझ्यामुळंच हरली ती. माझे बापू म्हणतेत, आता तिला वरातीलाच न्यायची. म्या बी आता न्हाय बसणार."

लोकांचे टोमणे गौराबाईंनी मुकाट गिळले होते. हे मात्र त्यांना गिळता येईना. त्यांनी एका हातात गोणी घेतली, दुसऱ्या हाताने अर्पिताचं मनगट धरलं आणि त्या थेट बक्षिसाच्या मांडवाकडे निघाल्या. वाटेत रेवडीवाल्याला म्हणाल्या, "तुजा काटा घिऊन ये रं."

मांडवात टेबलावर काटा ठेवला गेला. गौराबाईंनी मला सगळ्यांसमोर त्याच्यावर ठेवलं. लाल आकडे सरकले आणि तीनच्या जरा पुढे थांबले.

"ह्याच्यावर पाच लिवलंय," गौराबाई म्हणाल्या. "कोतवालच्या पाठीवर हे असलं वजन व्हतं. घोडी हरलेली न्हाय, आन् ही पोरगी बी चुकलेली न्हाय. चुकले ती म्या. गोणी माझ्या घरात व्हती."

दगडोबांनी हळूच विचारलं, "बाई, केलं कुणी?"

"घर माझं हाय. एवढं पुरं हाय."

सगळ्यांनी सोमेशकडे पाहिलं. त्याच्या अंगावर गुलाल होता, डोक्याला फेटा होता. तो बोलेल असं मला वाटलं. पण त्याने फेटा उतरवून टेबलाच्या कडेला ठेवला, कोतवालचा लगाम धरला आणि मागच्या वाटेने निघून गेला. बक्षीस जोंधळीला मिळालं, पण टाळ्या वाजवताना कोणाचे हात नीट उठत नव्हते.

पुढचं सांगायला मला फार जड जातं. लबाडीने जिंकलेला घोडा दारात नको, म्हणून अमरसिंहांनी कोतवालला विकलं. टेंपोत चढवताना तो सोमेशला शोधत खिंकाळत राहिला. ज्याने काही केलं नव्हतं, त्यालाच गाव सोडावं लागलं.

त्यानंतर एक दिवस सोमेशने आम्हा दोघांना मोटरसायकलच्या पिशवीत घातलं आणि वाशीला नेलं. श्रीमंत ओताऱ्यांनी मला उलटा केला, नखाने माझं पोट खरवडलं.

"कुणी पोखरलं रं हे?"

सोमेशने भट्टीकडे पाहिलं. मग म्हणाला, "म्या."

तो शब्द त्याच्या तोंडून पहिल्यांदाच निघाला होता. ओताऱ्यांनी आमच्या पोटातल्या चिपा काढल्या आणि नवं शिसं ओतलं.

घरी आल्यावर सोमेशने आम्हाला आईपुढे ठेवलं. गौराबाईंनी एकेकाला उचलून पाहिलं. "भरला," त्या म्हणाल्या.

"आव्वा, माझं चुकलं."

"मला कशापायी सांगतोस? ज्या पोरीला रडवलं, तिच्या दारात जाऊन सांग."

तो आम्हाला तसाच घेऊन बजरंगच्या घरी गेला. अर्पिता जोंधळीला पाणी पाजत होती. त्याने उभ्या उभ्या सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं, पण माफ केलं असं ती काही म्हणाली नाही. बादली रिकामी झाल्यावर तिने एकदाच वर पाहिलं.

"कोतवालचं लई वाईट झालं," ती म्हणाली.

सोमेश तिथेच उकिडवा बसला आणि रडला.

आता त्या गोष्टीला काही वर्षं झाली. सगळ्यांत जास्त वजन आता जोंधळीला असतं, म्हणून मी अर्पिताच्या खोगिराखाली असतो. कमिटीच्या आग्रहाने वजनं अजून गौराबाईच ठरवतात. अंदाज मात्र त्यांनी पुन्हा कधी सांगितला नाही. कोणी फारच मागे लागलं तर म्हणतात, "घोडी बघा की. किती सुंदर पळत्यात."

मित्रांनो, तुमच्यावर कोणी न तपासता भरवसा ठेवत असेल, तर त्याला फार जपा. शिसं पुन्हा ओतता येतं. माझं पोट भरलं, ते मी पाहिलं आहे. पण पूर्वी मला गोणीतून काढायचे आणि सरळ खुर्जीत घालायचे. आता शर्यतीआधी मला मांडवातल्या काट्यावर ठेवतात. लाल आकडा बरोबर पाचवर येऊन थांबतो. लोक तरी वाकून बघतात.