कापलेले दोरे

आधीच सांगून टाकते, चूक माझीच होती. पण चाळीस वर्षं शिवणकाम केलेल्या बाईसमोर लोंबते दोरे ठेवायचेच कशाला, म्हणते मी!

आमचा धाकटा भाऊ फोटोग्राफर. एकाच गाळ्यात मध्ये प्लायवूड ठोकून आम्ही दोन दुकानं केलीत. इकडे माझी मशीन. तिकडे त्याचं स्टूल, पांढरा पडदा आणि दोन दिवे. सव्वीस वर्षं त्याने पासपोर्टचे फोटो काढले. लोक लांबून येत, कारण त्याच्या फोटोत माणूस चोरासारखा दिसत नसे. युक्ती साधीच. हनुवटी वर, हनुवटी खाली सगळं झालं की हा विचारणार, "घरातून निघताना काही विसरलात का?" समोरचा आठवायला लागला की याने बटण दाबलंच. आठवणाऱ्या माणसाचा चेहरा खरा असतो, असं त्याचं म्हणणं. मला ते पटायचं, पण कधी बोलले नाही. धाकट्या भावाला फार चढवू नये.

मग पाच वर्षांपूर्वी याला खूळ लागलं. चांगले मोठाले फोटो छापायचे, फाडायचे, पुन्हा चिकटवायचे, वरून रंग, जुनी तिकिटं, बटणं आणि माझ्या दुकानातल्या चिंध्या लावायच्या.

"अरे, धड होता तो फोटो!" मी ओरडायचे.

"धड होता म्हणूनच फाडला, ताई."



तर त्या फाडाफाडीची दहा-बारा चित्रं झाली आणि एका मोठ्या कलादालनातून निरोप आला. तिथल्या बाई शुक्रवारी चार वाजता येऊन बघणार, आवडलं तर चित्रं लावायला एक अख्खी भिंत देणार. इतक्या वर्षांत याला कुणी भिंत सोडा, एक खिळा दिला नव्हता. पठ्ठ्या आठवडाभर धड जेवला नाही.

शुक्रवारी दुपारी तो फ्रेम आणायला गेला. माझी कात्री त्याने नेली होती, ती शोधायला मी पलीकडे गेले. टेबलावर सगळ्यात मोठं चित्र होतं. कोणीतरी बाई, मान खाली, चष्मा नाकावर. खांद्यावर माझ्याच चिंध्या शिवलेल्या, त्याही वाकड्या, आणि तिथून सात-आठ रंगीत दोरे लोंबत होते. माझे हात शिवशिवले. म्हटलं, एवढी मोठी बाई येणार आणि आमच्या घरची शिवण अशी? दोरे कापले, गळ्यापाशी वाकडे टाके होते ते उसवून सरळ घातले. अर्ध्या तासात काम फत्ते! वर खुशीत चहा ठेवला.

तो आला, चित्र बघितलं आणि मटकन स्टुलावर बसला.

"दोरे कुठे गेले?"

"कापले. आभार नंतर मान."

तो ओरडला असता तर मी दुप्पट ओरडले असते. त्याने नुसतं चित्र माझ्याकडे वळवलं.

"ताई, ती बाई कोण आहे?"

मी पहिल्यांदाच चेहरा बघितला. दातात दोऱ्याचं टोक, सुई डोळ्याजवळ. अगं बाई, मीच की! प्लायवूडच्या फटीतून फोटो काढला होता मेल्याने. मी टाकान् टाका तपासला, पण बाई कोण ते बघितलंच नव्हतं.

"आई गेली आणि तू मशीनवर बसलीस, तेव्हापासून बघतोय," तो म्हणाला. "माझ्या शाळेत आलीस, माझ्या लग्नात मिरवलीस, अंगावर दोरे आहेतच. त्या दोऱ्यांमुळेच तर ती तू होतीस गं."

माझे डोळे भरून आले. स्वतःचा असा राग आला म्हणून सांगू!

"रडायला वेळ नाही," मी त्याला दटावलं. रडत मीच होते. "किती वाजले?"

"अडीच."

कापलेले दोरे तर केरात गेले होते. मी त्याच्यासमोर उभी राहिले. "वेच माझ्या अंगावरचे!"

बाहीवरून निळा, कोपरावरून पिवळा, केसांतून लाल. तो एकेक काढून देत होता, मी चित्रातल्या माझ्या खांद्यावर टाचत होते.

"सरळ नको, ताई!"

"बरं बाबा, वाकडं!"

आयुष्यात पहिल्यांदा मुद्दाम वाकडा टाका घातला. काय जिवावर आलं होतं! हसून हसून सुई हातात ठरेना. गळ्यापाशी मी घातलेले सरळ टाके मात्र त्याने उसवू दिले नाहीत.

चारच्या ठोक्याला बाई आल्या. त्या चित्रापुढेच खिळल्या.

"हे दोघांच्या हातचं दिसतंय."

"हो," धाकटा म्हणाला. "मी केलं आणि हिने दुरुस्त केलं."

भिंत मिळाली. बाई गेल्यावर मी भर रस्त्यात त्याच्या पाठीत असा धपाटा घातला की येणारेजाणारे बघत राहिले.

प्रदर्शनाच्या दिवशी मी नवे कपडे घातले, ब्रशने चार वेळा झटकले. दालन गच्च भरलं होतं. तेवढ्यात एक बाई माझ्या चित्रापाशी थांबली. "अय्या, दोरा राहिलाय," म्हणत तिने तो चिमटीत धरला.

"हात लावू नका!" मी या टोकावरून ओरडले. "तो तिथेच असायला हवा!"

सगळं दालन वळून बघायला लागलं. त्या बाईने चित्राकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि तिची नजर माझ्या खांद्यावर थांबली.

"या तुम्हीच ना?"

खांद्यावर एक निळा दोरा होता. आपसूक चिकटला की धाकट्याने हळूच ठेवला, देव जाणे. तो पलीकडे उभा राहून हसत होता.

"हो, मीच," मी म्हटलं, आणि तो दोरा झटकला नाही.